डावा काठ, एकशे चाळीस पावलं

नाव : सेवापुस्तकात नमूद आहे. हुद्दा : परिचर, श्रेणी दोन, शुष्क वनस्पती संग्रह. उंची : पाच फूट चार इंच. ओळखीची खूण : डाव्या अंगठ्याच्या टोकाला सुई टोचून टोचून पडलेला घट्टा. पाऊल : पाऊण मीटर, सपाटीवर व चढावर सारखेच. कर्तव्ये : वाळलेल्या वनस्पती कागदावर शिवणे, चिठ्ठ्या लिहिणे, कपाटांना कीड लागू न देणे. वर्तणूक : समाधानकारक. लिहिलेल्या एकूण चिठ्ठ्या : एक हजार एकशे अठ्ठावीस. त्यांत आढळलेल्या चुका : निरंक.

सेवापुस्तकात पावलाच्या लांबीचा रकाना नसतो. तो या गृहस्थांनी स्वतः पट्टीने आखला आणि त्यावर साहेबांची सही घेतली. साहेबांनी कशावर सही करतोय ते वाचलं नसावं. त्या संस्थेत सह्या तशाच होत.

त्यांना सगळे बिनचूक मामा म्हणत. आधी हा टोमणा होता, मग सवय झाली, आणि शेवटी तो एक प्रकारचा हुद्दाच होऊन बसला.

संस्थेचं काम थोडक्यात असं. रानातून उपटून आणलेलं झाड दोन फळ्यांच्या मध्ये टिपकागदात दाबायचं, वरून पट्टे आवळायचे, आठ-दहा दिवस वाळवायचं. मग जाड पांढऱ्या कागदावर ते दोऱ्याने शिवायचं आणि उजव्या कोपऱ्यात खाली चिठ्ठी डकवायची : काय आहे, कुठे मिळालं, कोणी आणलं, जागेवर किती होती. तो कागद लोखंडी कपाटात गेला की शंभर वर्षं कोणी हलवत नाही. झाड संस्थेत येईपर्यंत मेलेलं असतं, पण कागदोपत्री त्याचं आयुष्य तिथून पुढे सुरू होतं.

चिठ्ठी ही मामांची जहागीर. इतर संस्थांच्या चिठ्ठ्यांवर 'डोंगराळ भाग' किंवा 'नदीकाठ' एवढंच असायचं. मामांच्या चिठ्ठीवर पुलापासून पावलं, काठ डावा की उजवा, झाडाचा कल कुठल्या दिशेला, आणि जमिनीपासून किती हात उंच. ओढा वाहतो त्या दिशेला तोंड करून उभं राहायचं आणि मग डावं-उजवं ठरवायचं, हे त्यांनी तीन संचालकांना शिकवलं. त्यातल्या एकाला ते शेवटपर्यंत जमलं नाही.

घरीही तेच. बायकोने छत्री कुठे ठेवली विचारलं की उत्तर यायचं, "बाहेरच्या खोलीत, खिडकीपासून दोन पावलं, खुर्चीच्या पाठीवर, मूठ पूर्वेला."

"अहो, छत्री आहे की नमुना? आणू की शिवून घेऊ?"

मामा यावर हसत नसत. शिवायला छत्री सोपी जाईल का, हा विचार त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसायचा.

चिठ्ठ्यांसाठी त्यांनी एक नियमही करून घेतला होता. पूर्वी एका शास्त्रज्ञाने शाई खोडून एका झाडाचं गाव बदललं होतं, का ते त्यालाच ठाऊक. मामांना ते कळलं तेव्हा ते चार दिवस नीट जेवले नाहीत. मग संचालकांच्या मागे लागून त्यांनी परिपत्रक काढवलं. एकदा डकवलेली चिठ्ठी कोणीही, कोणत्याही कारणाने बदलणार नाही. चिठ्ठी चुकीची आहे असं कोणाचं म्हणणं असेल तर त्याने खऱ्या जागेवरून फुलावर आलेला ताजा नमुना आणावा. नमुन्याशिवाय तक्रार ऐकून घेतली जाणार नाही. परिपत्रकाचा मसुदा मामांचा, आणि त्यात पळवाट शोधूनही सापडत नव्हती.

आता फुलाबद्दल.

संस्थेत ऑर्किडवर काम करणाऱ्या एक बाई होत्या. उन्हात काळवंडलेल्या, मोठ्याने बोलणाऱ्या, पायात कायम पुरुषी बूट. त्या रानात जात तेव्हा शिडी, फळ्या आणि टिपकागद घेऊन मामा मागे. मामांची नोकरी संपायला अकरा वर्षं होती तेव्हाची गोष्ट. पाण्याच्या जुन्या टाकीमागच्या रानात त्यांना सरपण गोळा करणारी एक म्हातारी भेटली. बाईंनी तिला विचारलं, झाडांवर वाढणारं काही वेगळं पाहिलंय का. म्हातारीने मोळी खाली ठेवली आणि पुढे चालू लागली.

रानअंजिराच्या खोडावर राखाडी-हिरव्या मुळ्यांच्या फिती चिकटल्या होत्या, कोळ्याने पाय पसरावेत तशा. पान एकही नाही. मुळ्यांच्या मधोमध केसाएवढ्या देठावर नखाएवढं पांढरं फूल, आणि त्याच्या खालच्या पाकळीवर तपकिरी डाग. वास भिजलेल्या लोखंडाचा. ते वर्षातून नऊ दिवस फुलत असे. एरवी झाडाला रोग लागलाय असंच कोणीही म्हटलं असतं.

"आजी, काय म्हणतात याला?" बाईंनी विचारलं.

"काही नाही म्हणत."

"असं कसं? नाव असेल ना काहीतरी."

"हाक मारली की ओळख होते. कशाला?" म्हातारी म्हणाली. मग तिचं लक्ष मामांकडे गेलं. ते बोटाने हवेत टिपके दिल्यासारखं करत होते. "ए भाऊ, मोजू नको. बघ, वास घे, काय हवं ते कर. याला मोजत नाहीत. मोजलं की कमी होतं."

"एकोणीस," मामा वहीत लिहीत म्हणाले. "आजी, मोजलं नाही तर कमी झालेलं कळणार कसं?"

म्हातारीने त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं. "आणि कळून काय करशील?"

मामांनी याचंही उत्तर वहीत शोधलं. तोवर ती आपल्या मोळीकडे परत निघाली होती.

जात नवी निघाली. बाईंना तिच्या वासावरून नाव द्यायचं होतं, लोखंडगंधी अशा अर्थाचं काहीतरी लॅटिनमध्ये. संचालक म्हणाले, "बाई, वासाला कोण विचारतं?" संस्थेची नवी इमारत ज्या समितीकडे मंजुरीसाठी पडून होती तिच्या अध्यक्षांच्या आडनावाला लॅटिन शेपूट लावण्यात आलं. तीच समिती टेकड्या, रानं आणि खाणी यांचेही निर्णय करायची, पण हा योगायोग त्या दिवशी कोणाला खटकला नाही. समारंभात अध्यक्षांना फुलाची मोठी तसबीर दिली गेली. फूल उलटं होतं. ते फक्त मामांच्या लक्षात आलं. ते पुढे होऊन सांगणार होते, पण बाईंनी त्यांचा सदरा मागून धरून ठेवला.

"मामा, खरं तर तुमचंच नाव द्यायला हवं होतं," त्या नंतर चहा पिताना म्हणाल्या.

"माझं कशाला? मी काय ते उगवलंय?"

त्यानंतर एक मोठी सुधारणा झाली. संस्थेने कपाटांतल्या सगळ्या कागदांचे फोटो काढले आणि संगणकावर जगासाठी खुले केले. जगाच्या पाठीवरचा कोणीही माणूस आता घरबसल्या मामांचं अक्षर वाचू शकत होता. मामांना याचा फार आनंद झाला. शेजाऱ्याच्या संगणकावर त्यांनी बायकोला आपली पाचशे बारावी चिठ्ठी दाखवली. ती म्हणाली, "वाणसामानाच्या यादीत का नसतं हो असं अक्षर?"

दोन वर्षांनी बाई आणि मामा टाकीमागच्या रानात परत गेले. अंजिराचं खोड होतं. त्यावर एकोणीस चौकोन होते. प्रत्येक पाकिटाएवढा, कडा सरळ, साल धारदार पात्याने कापून अलगद सोडवलेली. आतलं लाकूड पांढरं दिसत होतं. मामांनी ते मोजले आणि लगेच वही मिटली.

"शौकीन लोक," बाई म्हणाल्या. "नवं नाव छापून आलं की निघतात. आपण दुसरी जागा शोधू."

दुसरी जागा सापडली, अकरा रोपांची. चिठ्ठी लिहिली गेली, फोटो निघाला. पुढच्या वर्षी अकरा चौकोन. तिसरी जागा आठांची होती, आणि तिथे आठ चौकोन. चौथ्या जागेवर पाच रोपं होती. ती चोरीला गेल्याचं कळलं तेव्हा मामा एकटेच तिथे गेले होते. झाडाच्या बुंध्याशी पालापाचोळ्यात त्यांना एक प्लॅस्टिकचं पाकीट सापडलं, पावसापासून कागद जपायला वापरतात तसलं. आत एक छापील कागद होता. पुलापासून नव्वद पावलं, उजवा काठ, झाडाचा कल ओढ्याकडे, जमिनीपासून चार हात. खाली कोणीतरी पेन्सिलीने एक छोटी बरोबरची खूण केली होती.

अक्षर मामांचं होतं.

त्यांनी पाकीट खिशात घातलं आणि एस. टी. स्थानकावर येऊन बसले. दोन गाड्या गेल्या, तरी ते उठले नाहीत. चोरांनी आपलं काम तपासून पास केलंय, ही गोष्ट त्यांच्या मनात पुन्हा पुन्हा येत असावी. संस्थेतल्या कोणीही त्यांची चिठ्ठी जागेवर जाऊन कधी पडताळली नव्हती.

पुढची तीन वर्षं फूल कोणालाच दिसलं नाही. निदान कागदावर दिसलं नाही. समितीचा नियम होता की सलग चार वर्षं नोंद झाली नाही तर जातीपुढे 'अस्तित्व अनिश्चित' असा शेरा पडतो, आणि अनिश्चित गोष्टीसाठी टेकडी अडवून ठेवता येत नाही. मोडक्या पुलापलीकडची टेकडी खाणीवाल्यांना हवी होती. त्या भागात तेवढीच उरली होती.

चौथ्या वर्षी मामा दर रविवारी डबा घेऊन एकटे त्या टेकडीवर जाऊ लागले. सहाव्या रविवारी त्यांना लोखंडाचा वास आला. उजवा काठ, मोडक्या पुलापासून वर एकशे चाळीस पावलं, ओढ्याकडे कललेलं रानअंजीर. सात रोपं. मोजायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं, पण सात ही संख्या न मोजताही दिसते.

घरी आल्यावर त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती कपाट आवरत होती.

"मग लिहू नका," ती म्हणाली.

"लिहिलं नाही तर टेकडी जाते."

"आणि लिहिलं तर?"

"फूल जातं."

तिने घड्या घालणं थांबवलं. "मग टेकडी खरी लिहा आणि जागा खोटी. सोपं आहे की."

"खोटी?"

"घाबरू नका. तुम्हाला खोटं बोलता येत नाही, मला ठाऊक आहे. लग्न ठरवायला आलात तेव्हा माझ्या वडिलांना सांगितलंत, मुलगी ठीक आहे, घराचा जिना धोकादायक आहे. पण हे बोलायचं नाहीये ना, लिहायचंय."

मामांनी नमुन्यासाठी एक रोप आणलं. सहा राहिली. अकराशे अठ्ठाविसाव्या चिठ्ठीवर पूल खरा, टेकडी खरी, झाड खरं, कल खरा. फक्त काठ डावा. एकशे चाळीस पावलंही तशीच ठेवली. पलीकडच्या काठावर ते चाललेच नव्हते. न चालता लिहिलेली त्यांच्या आयुष्यातली ती पहिली पावलं. शाई वाळेपर्यंत त्यांनी चिठ्ठीवर हात धरून ठेवला होता. त्यानंतर त्यांनी एकही नवी चिठ्ठी लिहिली नाही, नुसतं शिवत राहिले.

चोर महिन्याभरात आले. डाव्या काठावर मामांना तुडवलेलं गवत, दोराचा तुकडा आणि मोडलेल्या फांद्या दिसल्या. चौकोन कुठेच नव्हता. उजव्या काठावर सहाही रोपं जागच्या जागी होती. त्या दिवशी ते घरी आले ते गुणगुणत, आणि बायकोला वाटलं रेडिओ चालू राहिलाय.

मामांची समजूत अशी होती की फूल टेकडीवर आहे, तेव्हा टेकडी वाचेल. त्यांच्या दृष्टीने टेकडी एक होती. समितीच्या कचेरीच्या दृष्टीने ती दोन होती, कारण ओढा ही दोन भूखंडांची हद्द होती.

हे त्यांना सुई हातात असताना कळलं. त्यांचा टाका चांगला म्हणून कचेरीच्या फायलीही त्यांच्याकडेच शिवायला येत. एका दुपारी आलेल्या गठ्ठ्यात वरचाच कागद होता : 'उपरोक्त दुर्मिळ जातीचे अस्तित्व चिठ्ठी क्रमांक ११२८ अन्वये डाव्या काठावर सिद्ध झाले असल्याने डावा काठ संरक्षित घोषित करण्यात येत आहे. सबब होणाऱ्या नुकसानीचा मोबदला म्हणून उजवा काठ संपूर्णपणे खाणकामासाठी देण्यात येत आहे. सुरुंगाचे काम पुढील महिन्याच्या एक तारखेपासून सुरू होईल.' खाली अध्यक्षांची सही. फुलाला ज्यांचं नाव होतं तेच अध्यक्ष.

मामांनी फाईल शिवून पूर्ण केली. मग ते संचालकांच्या खोलीत गेले. तिथे ऑर्किडवाल्या बाईही बसल्या होत्या.

"साहेब, अकराशे अठ्ठावीस चुकीची आहे."

संचालक हसले. "मामा, सुट्टी हवी असेल तर सरळ मागा ना."

"फूल उजव्या काठावर आहे. मी मुद्दाम डावा लिहिला. चोरांसाठी."

संचालकांनी उठून दार लावलं. "हे अजून कोणाला बोललात?"

"बायकोला."

"लेखी दिलंय कुठे?"

मामांनी खिशातून अर्ज काढून टेबलावर ठेवला. एका बाजूला सुवाच्य अक्षर, समास सोडलेला. संचालकांनी तो हातात न घेता वाचला.

"तुम्हाला कळतंय का याचा अर्थ? एक चिठ्ठी खोटी म्हटली की आधीच्या अकराशे सत्तावीस खोट्या. लोक काय म्हणतील? तुमच्या चिठ्ठ्यांवर इथे चौघांच्या पदव्या उभ्या आहेत. माझीही." त्यांनी आवाज खाली आणला. "आणि तुम्हीच केलेला नियम आहे. नमुना आणा. फुलावर आलेला, खऱ्या जागेवरचा. मी आत्ता चिठ्ठी बदलतो."

"फूल एकोणीस तारखेच्या आधी येत नाही. सुरुंग एक तारखेला आहेत."

"मग मी काय करू?"

मामांनी बाईंकडे पाहिलं. त्यांचा मोठा आवाज त्या दिवशी कुठे गेला होता कोण जाणे. "मामा, नुसत्या मुळ्या पंधरा जातींच्या अशाच दिसतात," त्या म्हणाल्या. "फुलाशिवाय मी सही केली तर समिती ती अर्ध्या तासात फाडेल. माझा तुमच्यावर विश्वास आहे हो. पण समितीचा तुमच्या चिठ्ठीवर आहे."

अर्ज दुसऱ्या दिवशी परत आला. शेरा : 'नमुन्यासह पुन्हा सादर करावा.'

एक तारखेच्या आदल्या रविवारी मामा आणि त्यांची बायको मोडक्या पुलाशी उतरले. बायकोच्या हातात पाण्याची बाटली आणि ओलं गोणपाट, मामांच्या पिशवीत करवत. कललेल्या अंजिरावर लाल रंगाचा गोल काढला होता. आजूबाजूच्या सगळ्याच झाडांवर होता. खडकात ओळीने भोकं पाडून त्यात चिंध्या कोंबलेल्या होत्या.

चार रोपं खोडावर होती. दोन एका फांदीवर. मुळ्या सालीपासून सोडवल्या तर तुटतात, आणि खोड तर कोणाला पिशवीत घालून नेता येत नाही. मामांनी फांदी कापली. करवत थांबली तेव्हा रानात दुसरा कसलाच आवाज नव्हता, पाखराचाही नाही. बायकोने खोडावरच्या चारांवर बाटलीतलं थोडं पाणी शिंपडलं.

"त्याने काही होणार नाही," मामा म्हणाले.

"मला माहीत आहे," ती म्हणाली आणि अजून थोडं शिंपडलं.

डाव्या काठाला आता तारेचं कुंपण होतं. फाटकाशी नवा फलक, त्यावर फुलाचं चित्र. सरळ होतं. आत एक पहारेकरी वही घेऊन बसला होता.

"काय नेताय आत?"

"फांदी," मामा म्हणाले.

पहारेकऱ्याने गोणपाट उचलून पाहिलं. "रानात फांदी नेताय?"

"हो."

"घरात ठेवायला जागा नाही," बायको म्हणाली.

त्याने नियमांचा कागद वरपासून खालपर्यंत वाचला. "बाहेर न्यायला मनाई आहे. आत न्यायचं काहीच लिहिलेलं नाही." त्याने वहीत लिहिलं : फांदी, एक.

"दोन हात लांब," मामांच्या तोंडून गेलं. त्याने तेही लिहिलं.

मामांनी पुलाच्या टोकापासून पावलं टाकली. एकशे चाळिसाव्या पावलाला एक उघडा खडक होता, बैलाच्या पाठीएवढा. त्यावर शेवाळही नव्हतं. झाड तर दूरच.

"आता?" बायकोने विचारलं.

मामा पुढे चालत राहिले. पहिलं रानअंजीर लागलं ते एकशे त्रेसष्टाव्या पावलाला. सरळसोट, कुठेच न कललेलं.

"तेवीस पावलं चुकलो," ते म्हणाले.

"चला, माणसात आलात एकदाचे."

दोघंही हसले. मग मामांनी सुई-दोरा काढला आणि फांदी झाडाच्या सालीला टाके घालून घट्ट बसवू लागले. कागदावर घालतात तोच टाका : दोनदा वर, एकदा आडवा, मागे गाठ. बायको बघत उभी होती.

"अहो, हा तर तुम्ही मेलेल्यांना घालता."

"मला दुसरा येत नाही."

एक तारखेला सुरुंगाचा भोंगा वाजला. संस्थेतून तो ऐकू येणं शक्य नव्हतं, अंतर फार होतं. पण मामांनी घड्याळाकडे पाहिलं आणि सुई खाली ठेवली, असं शेजारच्या टेबलावरचा कारकून सांगतो.

एकोणीस तारखेला फूल आलं. एकच. दोनपैकी दुसऱ्या रोपाची मुळी तोवर कागदासारखी झाली होती. वीस तारखेला समितीचं पथक पाहणीला गेलं. एक तपासणी अधिकारी, एक छायाचित्रकार, संचालक, ऑर्किडवाल्या बाई, आणि जागा दाखवायला मामा. पलीकडच्या काठावर दर अर्ध्या तासाला भोंगा वाजायचा, मग जमीन पायाखाली हलायची, मग पांढरी धूळ ओढा ओलांडून हळूहळू इकडे यायची. छायाचित्रकार दर वेळी भिंग पुसत होता. पाखरं परतली नव्हती. अधिकाऱ्याने हातात चिठ्ठी क्रमांक ११२८ ची प्रत धरली होती, प्लॅस्टिकच्या पाकिटात.

तो पुलापासून पावलं टाकत निघाला. एकशे चाळीसला तो खडकाशी पोहोचला, थांबला, चिठ्ठी पुन्हा वाचली. मामांनी तोंड उघडलं.

"साहेब, ही चिठ्ठी..."

"थांबा मामा, त्यांना त्यांचं काम करू द्या," संचालक म्हणाले.

अधिकारी पुढे गेला आणि त्याला एकशे त्रेसष्टला फूल दिसलं. तिथेच उभ्या उभ्या त्याने शेरा लिहिला : 'फूल चिठ्ठीत नमूद केल्याप्रमाणे आढळले. पावलांतील तफावत तपासणी अधिकाऱ्याचे पाऊल आखूड असल्याने. झाडाचा कल काळाच्या ओघात सरळ झाला असावा.'

बाई फुलाशी वाकल्या होत्या. त्यांना दोरा दिसला. तीस वर्षं त्या तो टाका बघत आल्या होत्या. त्यांनी मान वळवून मामांकडे पाहिलं, मग छायाचित्रकाराला म्हणाल्या, "अजून जवळून घ्या. नुसतं फूल येऊ द्या. फांदी नको." त्यांचे पुरुषी बूट धुळीने पांढरे झाले होते.

परतीच्या जीपमध्ये त्या मामांच्या शेजारी बसल्या.

"पलीकडे किती होती?" त्यांनी हळूच विचारलं.

"चार."

"आणि ही?"

"मोजू नका, बाई," मामा म्हणाले.

त्यानंतरच्या रविवारी मामा पुन्हा डाव्या काठावर गेले. पहारेकऱ्याने वहीत त्यांचं नाव लिहिलं आणि विचारलं, "आज काही आत नेणार नाही?" फांदीवर पांढरा थर बसला होता. मामांनी तो फुंकरीने उडवून पाहिला. खालची मुळी तपकिरी झाली होती, आणि बोट लावल्यावर तिचा चुरा झाला. पलीकडच्या काठावर जिथे कललेलं अंजीर होतं तिथे आता आकाश होतं.

ते खाली बसले आणि खिशातून कोरी चिठ्ठी काढली. काय लिहायचं ते त्यांना ठाऊक होतं. पण फूल नव्हतं, म्हणजे नमुना नव्हता, आणि नमुना नसताना लिहिलेलं ऐकून घेतलं जात नाही. त्यांनी कोरी चिठ्ठी परत खिशात ठेवली.

वर्षाअखेर मामा निवृत्त झाले. समारंभ नव्या इमारतीत झाला. अध्यक्ष आले होते. दोन वर्षांनी समितीच्या नियमाप्रमाणे जातीची स्थिती पुन्हा छापली गेली : 'डाव्या काठावरील संरक्षित क्षेत्रात सुरक्षित.' निवृत्तीच्या समारंभात मामांना चौकटीतलं मानपत्र मिळालं होतं, ते त्यांच्या बायकोने बाहेरच्या खोलीत खिडकीपासून दोन पावलांवर लावलं आहे : 'सदर कर्मचाऱ्याने आपल्या संपूर्ण सेवाकाळात लिहिलेल्या एक हजार एकशे अठ्ठावीस चिठ्ठ्यांमध्ये एकही चूक आढळून आलेली नाही. शेवटची चिठ्ठी समितीने प्रत्यक्ष जागेवर पडताळून पाहिलेली आहे.'

डाव्या काठावर, मोडक्या पुलापासून एकशे त्रेसष्ट पावलांवर, अंजिराच्या झाडाला एक वाळकी फांदी दोऱ्याने शिवलेली आहे.